अंकुराची वाढ : एका शिकाऊ चित्रपटाचे परीक्षण

आमच्या देवस्थानांच्या उत्सवांतून हल्ली एक नवे दृश्य पाहावयास मिळते. पालखी सभामंडपाबाहेर निघाली, की दहावीस तरुण मोबाईल उंच धरून ती टिपू लागतात. त्यांतील काही होतकरू मुले पुढे या तुकड्यांची जुळणी करतात, त्यावर निवेदन चढवतात आणि पाच-दहा मिनिटांचा लघुपट सिद्ध करून तो महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या स्पर्धेत दाखवतात. पणजीस २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे. तेव्हा गोमंतकातील मुलांस या कलेची ओढ लागावी यात नवल नाही. असे बरेच लघुपट आमच्या पाहण्यात येतात. हौस दांडगी, साधने उत्तम, विषय घरचा आणि श्रद्धेचा. तरीही पाहून झाल्यावर मनात काही उरत नाही. कारण विचारले, तर 'चांगला कॅमेरा मिळाला नाही' हे उत्तर बहुधा ठरलेले असते.

हे उत्तर आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही आज एका फार जुन्या आणि फार लहान चित्रपटाचे परीक्षण करणार आहोत. तो १९१२ साली मुंबईत तयार झाला. त्याची लांबी एका मिनिटाहून थोडी अधिक होती. त्यात नट नाही, नटी नाही, कथा नाही. आहे तो कुंडीत पेरलेला वाटाणा. चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ' आणि कर्ता धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटले, की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी तो लोकांपुढे आला आणि भारतीय कथाचित्रपटाच्या इतिहासात त्यास आद्यस्थान मिळाले. या मोठ्या घटनेच्या सावलीत आधीचा वाटाणा झाकला गेला. चरित्रकार त्याचा उल्लेख करतात, पण एक चमत्कारिक किस्सा म्हणून. त्याची चिकित्सा क्वचितच होते. आमच्या मते फाळक्यांच्या साऱ्या कर्तृत्वात विद्यार्थ्याने सर्वांत आधी अभ्यासावी अशी कृती हीच आहे, कारण ती स्वतः एका विद्यार्थ्याची कृती आहे.

बेचाळीस वर्षांच्या गृहस्थास विद्यार्थी म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका शास्त्रीपंडितांच्या घरात झाला. ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्रातील हा मुलगा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात. तेथे त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. आमच्या बडोदेकर वाचकांस या गोष्टीचा अभिमान वाटावा. पुढे गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग शिळाछपाई आणि रंगीत छपाईचा धंदा, त्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी, असा त्यांचा प्रवास झाला. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट त्यांनी पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसतो तसे आपले राम-कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांस पछाडले. त्यानंतरचे महिने हे शुद्ध विद्यार्थिदशेचे होते. रात्रंदिवस चित्रपट पाहणे आणि प्रयोग करणे यांमुळे डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दृष्टी गमावण्याची पाळी आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र खरेदी करून परतले. पुण्यास प्रभात स्टुडिओच्या जागेवर चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली ती १९६० साली. फाळक्यांस गुरू नव्हता, शाळा नव्हती, वर्गमित्र नव्हता. अशा माणसाने स्वतःसच घालून दिलेला पहिला धडा म्हणजे 'अंकुराची वाढ'.

हा पट आज आपणांस पाहावयास मिळत नाही. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याचे परीक्षण कसे करावयाचे? त्याच्या घडणीवरून. कोणत्या अटी पाळल्या असता ही वस्तू निर्माण होऊ शकते, याचा तर्क केला, तर तिच्या कर्त्याने काय काय साधले असेल हे पुष्कळसे कळते. मंदिर पडले तरी जोत्यावरून त्याचा आराखडा काढता येतो, तद्वतच हे आहे.

कृती थोडक्यात अशी. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला, आणि महिन्याहून अधिक काळ थांबून थांबून एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग गतीने पडद्यावर सोडताच दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढू लागला. एका महिन्याचे काम एका मिनिटात झाले.

'रोज एक चित्र घेतले' असे सर्रास लिहिले जाते. हे विधान हिशेबास उतरत नाही. त्या काळी हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला सुमारे १६ चित्रे घेण्याची रीत होती. रोज एक या प्रमाणे तीस दिवसांत ३० चित्रे होतील, आणि ती पडद्यावर दोन सेकंदही टिकणार नाहीत. एक मिनिट भरावयाचे तर ९६० चित्रे हवीत. महिन्याच्या मानाने दिवसाला ३२, म्हणजे अहोरात्र घेतली तर दर ४५ मिनिटांस एक. केवळ बारा तासांच्या उजेडात घेतली तर दर २२-२३ मिनिटांस एक. मिनिटाची लांबी खरी असेल, तर 'रोज एक' ही दंतकथा होय, आणि सत्य तिच्याहून कितीतरी कठीण आहे. दिवसातून एकदा येऊन हँडल फिरवणारा माणूस हौशी असू शकेल. घड्याळ लावून महिनाभर त्या कुंडीशी बांधला गेलेला माणूस मात्र काही शिकण्यास बसला आहे.

तंत्राचा पहिला धडा येथेच मिळतो. चित्रपटाचा कच्चा माल म्हणजे काळ. किती काळातून किती चित्रे घ्यावयाची आणि ती किती काळात दाखवावयाची, हे प्रमाण ठरले की बाकीचे पुष्कळसे ठरून जाते. आमच्या तरुणांच्या लघुपटांत हाच हिशेब नसतो. पालखीची सव्वा तासाची प्रदक्षिणा चाळीस तुकड्यांत टिपली जाते, आणि जुळणीच्या वेळी प्रत्येक तुकड्यास तीन तीन सेकंद येतात. ते तीन का, पाच का नाहीत, याचे कारण कोणाजवळ नसते. फाळक्यांनी चित्र घेण्यापूर्वी भागाकार केला असला पाहिजे. आमची मुले तो चित्रे घेऊन झाल्यावर करू पाहतात.

दुसरा धडा उजेडाचा. सकाळचा प्रकाश आणि दुपारचा प्रकाश यांत डोळ्यास फारसा फरक जाणवत नाही. फिल्मला तो स्पष्ट दिसतो. निरनिराळ्या वेळी घेतलेली चित्रे शेजारी शेजारी आली, की पडदा लुकलुकू लागतो आणि वाटाण्याऐवजी प्रेक्षकास ती लुकलुकच दिसते. म्हणजे महिनाभर उजेड सारखा राखणे, किंवा बदलत्या उजेडाप्रमाणे प्रत्येक चित्रास प्रकाश कमीजास्त देणे, एवढाच मार्ग उरतो. आजचा मोबाईल हे काम आपण होऊन करतो असे समजून विद्यार्थी निर्धास्त असतात, आणि नेमके तेथेच फसतात. गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाच्या पार्श्वभूमीवर समई तेवत असते. यंत्रास वाटते, की येथे अंधार फार आहे. ते सारे चित्र उजळवते, आणि ज्योतीचा पांढरा गोळा होतो. पुजारी पंचारती घेऊन पुढे आला, की यंत्र घाबरून सारे काळे करते. आरती ओवाळली जात असता चित्र असे श्वास घेतल्यासारखे फुलते आणि मिटते. रंगाचेही तसेच. तेलाच्या ज्योतीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विनचा, दिवसाचा सुमारे ५,५०० चा. यंत्र या दोहोंस एकच पांढरेपणा देऊ पाहते, आणि समईचा पिवळा उबदारपणा नाहीसा होतो. उपाय साधा आहे. चित्रण सुरू करण्यापूर्वी ज्योतीकडे पाहून एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स बांधून टाकावे, आणि अंधार राहील तो राहू द्यावा. गाभाऱ्यात अंधार असतो. तो दोष नाही. ज्याने तो घालवला त्याने गाभाराच घालवला.

दीपस्तंभावरील विजेच्या रोषणाईसंबंधीही दोन शब्द येथेच सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे त्यावरील पुष्कळ दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटरचा वेळ याच्याशी जुळला नाही, तर चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवले, की ते बहुधा थांबतात. एवढी माहिती नसल्यामुळे वर्षाच्या उत्सवाचे चित्रण वाया गेलेले आम्ही पाहिले आहे.

तिसरा धडा कॅमेऱ्याच्या स्थैर्याचा. वाटाण्याच्या वेलाची हालचाल सूक्ष्म असते. त्याचे तणावे आधार शोधीत हळूहळू फिरतात, शेंडा उजेडाकडे झुकतो. कॅमेरा महिन्यात बोटभर जरी हलला, तरी झाड हलले की यंत्र, हे कळावयाचे नाही. जे हलते ते दाखवावयाचे असेल, तर दाखवणाऱ्याने हलू नये. फोंडा महालातील देवळांतून नवरात्रात मखरोत्सव होतो. कीर्तनानंतर सजवलेले मखर वाद्यांच्या ठेक्यावर झुलवले जाते आणि सारा सभामंडप त्या लयीत डोलू लागतो. याचे चित्रण करताना आमचे तरुण मखराबरोबर मोबाईलही झुलवतात. परिणाम असा होतो, की चित्रात मखर चौकटीच्या मधोमध स्थिर राहते आणि खांब, समया व भक्तमंडळी मात्र डावी-उजवीकडे धावतात. देवाचा झोका नाहीसा होऊन देवळाचा झोका दिसतो! खांबाशी एक तिपाई रोवून यंत्र स्वस्थ ठेवले असते, तर मखर चौकटीत आले असते, बाहेर गेले असते आणि पुन्हा आले असते, आणि ती लय न पाहिलेल्या माणसासही कळली असती.

स्तुती येथवर झाली. परीक्षकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 'अंकुराची वाढ' हा अशा जातीचा जगातील पहिला प्रयोग नव्हे. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांचा फुले उमलताना दाखवणारा चित्रपट १९१० सालीच झाला होता. तेव्हा कल्पनेच्या नावीन्याचे श्रेय फाळक्यांस देता येत नाही. दुसरे असे, की या धड्याने फाळक्यांस जे दिले त्यातच त्यांची एक मर्यादाही दडली होती. 'राजा हरिश्चंद्र'चे जे भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज उपलब्ध आहेत, त्यांत कॅमेरा बहुतांशी समोर, एका अंतरावर, नाटकगृहातील प्रेक्षकासारखा बसलेला आहे. वाटाण्यापुढे जे स्थैर्य गुण होते, ते तारामतीच्या दुःखापुढे उणे पडते; तेथे जवळ जाणे अवश्य होते. फाळक्यांस ही उणीव पुढे उमगली असावी. १९१९ च्या 'कालियामर्दना'त त्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले, आणि पटाच्या आरंभी तिचा चेहरा जवळून दाखवून त्यावरील भाव पालटत नेले. कुंडीपासून त्या चेहऱ्यापर्यंत सात वर्षांचे अंतर आहे. यावरून विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध असा, की तंत्राचा नियम पाठ करावयाचा नसतो. तो कोणत्या विषयासाठी जन्मला हे लक्षात ठेवावयाचे असते.

आणखी एक आक्षेप असा घेता येईल, की हा पट भांडवलदारांस पटवण्यासाठी केलेला नमुना होता, त्यास कलाकृती कशास म्हणावे? तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी पैसे देण्याची तयारी दाखवली, हे खरे. परंतु विषयाची निवड पाहा. पैसेवाल्यांस दिपवावयाचे तर आगगाडी होती, समुद्र होता, हत्ती होता. फाळक्यांनी निवडला तो दाणा. आपल्या घरांतून दर आश्विनात घटस्थापना होते; पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतात आणि नवव्या दिवशी ते पिवळसर हिरवे कोंब देवीस वाहतात. यास आमच्याकडे रुजवण म्हणतात. काल नव्हते ते आज आले हे आपण दर सकाळी पाहतो; ते येताना मात्र कोणी पाहिलेले नाही. सर्वांच्या परिचयाची आणि कोणीच न पाहिलेली, अशी ही वस्तू आहे. ती हेरण्यात फाळक्यांची कलादृष्टी होती, आणि कर्जाच्या गरजेने तिला उणेपणा येत नाही. एकेक चित्र थांबून घेण्याची ही युक्ती पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या १९१५ च्या पटात निर्जीव काड्यांस नाचवण्यासाठी वापरली. पौराणिक चित्रपटांतील त्यांचे चमत्कारही काळाच्या अशाच कात्रीवर उभे आहेत. ज्यांचे हात जोडले जावेत असे देव त्यांस पडद्यावर आणावयाचे होते. पण आरंभ त्यांनी देवापासून केला नाही, कुंडीतील मातीपासून केला.

म्हणून आमच्या देवस्थानांशी निगडित अशा तरुण मंडळींस आमची एक सूचना आहे. पुढल्या नवरात्रात पालखीवर, मखरावर किंवा देवस्थानाच्या इतिहासावर लघुपट करण्यापूर्वी घरच्या घटाची रुजवण चित्रित करावी. हिशेब सोपा आहे. नऊ दिवसांचे २१६ तास होतात. सेकंदाला २४ चित्रे या गतीने अर्ध्या मिनिटाचा पट हवा असेल, तर ७२० चित्रे लागतील. म्हणजे दर १८ मिनिटांस एक. मोबाईल हे काम आपोआप करू शकतो. परंतु प्रकाश कोठून घ्यावयाचा, खिडकी झाकावयाची की कसे, घरातील वावर कसा सांभाळावयाचा, वीज गेली तर काय, हे त्यास ठरवता येत नाही. घटाजवळच्या अखंड दिव्याचा उजेड घ्यावयाचा, तर ज्योत हलते आणि चित्रे लुकलुकतात. प्रत्येक चित्रास एक-दोन सेकंद प्रकाश दिला, की ते हेलकावे त्यातच मिसळून उजेड बराचसा सारखा होतो. हे करताना मुलांस कळेल, की घरातील वडीलधाऱ्यांचे साहाय्य आणि त्यांची परवानगी हाही चित्रपटतंत्राचाच भाग आहे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडणे, रसायने सिद्ध करणे, फिल्म धुणे ही कामे शिकल्या होत्या. त्यांच्या हातांवाचून 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला नसता.

एक गोष्ट मात्र वाटाणा शिकवू शकत नाही, ती ध्वनीची, कारण तो मूकपट होता. शंख, घंटा आणि नगारा यांचा दणका बसला, की मोबाईल आपण होऊन आवाज दाबतो, आणि मागोमाग येणारा मंत्रघोष कुजबुजीसारखा ऐकू येतो. यासाठी आवाजाची पातळी हाताने बांधावी, शक्य तर ध्वनी निराळ्या यंत्रावर घ्यावा, आणि कोणी बोलत नसताना रिकाम्या सभामंडपाचा मिनिटभर आवाज घेऊन ठेवावा. जुळणीच्या वेळी दोन तुकड्यांमधील खाच त्याने बुजते. दुसऱ्याचे चित्रपटगीत चढवण्याची पाळीही मग येत नाही.

देवस्थानांच्या समित्यांसही आमचे सांगणे आहे. गाभाऱ्यात कॅमेरा नको, हा नियम जेथे आहे तेथे तो निःसंदेह पाळला जावा. परंतु सभामंडपात एक ठरावीक जागा, एक तिपाई आणि एक जबाबदार मुलगा एवढी सोय केली, तर पाच-पंचवीस हात हवेत उंचावण्याचे कारण पुष्कळसे नाहीसे होईल आणि मागे बसलेल्या वृद्धांस देव दिसेल. आरतीस सुवारीवादन करणारे, घुमट आणि शामेळ यांचा जुना हात जाणणारे वादक आमच्या गावोगावी वयस्क होत चालले आहेत. त्यांच्या बोटांचे स्थिर, स्पष्ट, आवाजासह घेतलेले अर्ध्या तासाचे चित्रण हे तीन तीन सेकंदांच्या चाळीस तुकड्यांहून सहस्रपट मोलाचे ठरेल. ते नीट घेता यावे म्हणूनच हे वाटाण्याचे शिक्षण.

आणि घेतलेले जपावे. फाळक्यांच्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती. तिचे आगीत आणि दमट हवेत फार नुकसान झाले. ज्या पटाचे आम्ही एवढे परीक्षण केले तो कोणासही दाखवता येत नाही, ही खंत आमच्या मनात लिहिताना सतत होती. आजच्या चित्रणास ज्वाळेची भीती नाही. पण मोबाईल बदलला, की दोन वर्षांपूर्वीची जत्रा त्याबरोबर जाते. मूळ चित्रणाच्या तीन प्रती तीन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्यांपैकी एक देवस्थानाच्या दप्तरात असावी, आणि तिच्यावर उत्सवाचे नाव, तिथी, साल आणि वादकांची नावे लिहिलेली असावीत. हे काम येत्या घटस्थापनेपासून सुरू करता येईल.